जळक्या तेलाची रेघ

आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापिका बाईंच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत एक कागद लटकतो. माउंट ओबेड हायस्कूलच्या मैदानावरची धावपट्टी बरोबर शंभर मीटर आहे, असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलंय. राजधानीहून, किंग्स्टनहून, मोजणीवाला आला होता, दोन दिवस राहिला होता, शाळेची स्वयंपाकीण इव्होरीन, तिच्या हातचा भात खाऊन गेला होता. चौकटीचा खिळा मीच ठोकला. त्यानंतर एकोणीस वर्षं कुणी ती पट्टी मोजली नाही. मोजायची कशाला? मोजलेलीच होती की.

मी ऑल्टामाँट स्वॅबी. लहानथोर सगळे आदराने मास ऑल्टी म्हणतात. मैदान माझं. कागदोपत्री सरकारचं असेल, पण गवत मी कापतो, बकऱ्या मी हाकलतो आणि दर सप्टेंबरला शाळा उघडायच्या आधी रेघा मी ओढतो. चुन्याच्या नाहीत, चुना इथल्या पावसात दोन दिवस टिकत नाही. गॅरेजमधून गाड्यांचं जळकं तेल आणायचं, कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला खिळ्याने भोक पाडायचं, दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेने तेलाची धार सोडत मागे मागे सरकायचं. तेल पडलं की गवत जळतं आणि तांबड्या मातीवर काळी रेघ वर्षभर राहते. माझ्याइतकी सरळ रेघ आमच्या अख्ख्या मँचेस्टर परगण्यात कुणी ओढत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. सरळ ती आजही आहे.

सुरुवातीच्या रेघेपाशी मात्र वर्षभरात खड्डे पडतात. शंभर मुली तिथूनच पाय रोवून सुटणार, माती उकरली जाणारच. म्हणून दर सप्टेंबरला मी नवी रेघ जुनीच्या मागे वीतभर ओढायचो, हिरव्या घट्ट गवतावर. पोरींचे पाय घसरू नयेत एवढंच मनात असायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आपलं डोकं लावून करायचो आणि त्याची शेखीही मिरवायचो.

ऑर्लीन पिनॉक या मैदानात पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिच्या पायात काही नव्हतं. तिची आई डोंगराच्या पलीकडे कोनफळं लावायची. मुलगी सकाळी कोनफळाच्या वेलांना काठ्या रोवून यायची, मग शाळा, मग धावणं. तोंडाने फटकळ. तिला कुणी छान धावलीस म्हटलं की विचारायची, "घड्याळ काय म्हणतं?" घड्याळ तेव्हाही माझ्याकडेच असायचं, कारण त्या वेळच्या खेळाच्या सरांचा अंगठा आळशी होता. मी आकडा सांगायचो, ती मान हलवायची आणि पुन्हा रेघेवर जाऊन उभी राहायची.

मोजणीवाला आला त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, ती याच पट्टीवर अनवाणी अकरा पॉइंट नऊ धावली. तो आकडा व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगवलाय: ऑर्लीन पिनॉक, ११.९. एकोणीस वर्षांत तो कुणी पुसला नाही.

पुढचं सगळ्या बेटाला माहीत आहे. चॅम्प्समध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्या शाळांच्या मोठ्या स्पर्धेत, ती दोनदा पहिली आली. मग किंग्स्टनच्या क्लबने नेली. बाविसाव्या वर्षी देशाच्या रिलेत निवडली गेली, पण फक्त पहिल्या फेरीपुरती. फेरी ती धावली, अंतिम शर्यत तिच्या जागी दुसरी धावली. पदक दोघींना मिळालं. गावाने मिरवणूक काढायचं ठरवलं तर हिने आईला फोन केला, "एकाही माणसाने ढोल वाजवला तर मी येणार नाही. बाकावर बसून मिळालेलं आहे ते." पंचविसाव्या वर्षी जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरली आणि सातवी आली. जगात सातवी! आमच्या दुकानात त्या दिवशी रमची एक बाटली शिल्लक राहिली नाही. तिला विचाराल तर सांगेल, "सहा जणी पुढे होत्या."

अठ्ठाविसाव्या वर्षी मांडीमागचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले बास, क्लब म्हणाला बास, पेपरवाल्यांनी तर निरोपाचे लेखसुद्धा छापून टाकले. ही बाई ऐकेल तर शपथ. दोन वर्षं पाण्यात चालली, वाळूत चालली, लंगडत धावली, मग धावली. राष्ट्रीय निवड चाचणी जूनच्या शेवटी होती. पहिल्या सहांत आलं की रिलेत जागा. चाचणीच्या तीन आठवडे आधी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मास ऑल्टी, घड्याळ घ्या आणि चला."

"अगं, आधी चहा तरी घे."

"नंतर. किंग्स्टनला सगळे माझी समजूत काढतात. काही म्हणतात तू संपलीस, काही म्हणतात तू अजून राणी आहेस. मला दोन्ही ऐकायचं नाही. आपल्या मैदानावर धावते. अकरा-चार आलं तर चाचणीला जाते. नाही आलं तर सोडते. आणि मला बरं वाटावं म्हणून बटण लवकर दाबलंत, तर तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

मी लवकर दाबलं नाही. देवाशपथ सांगतो, केसभरही नाही. ती तीनदा धावली. अकरा-सहा. अकरा-सहा. अकरा-सात. तिसऱ्यांदा ती रेघेपलीकडे गवतावर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट शेजारी ठेवले.

"झालं," म्हणाली. "आता चहा द्या."

त्या महिन्यात निवड चाचणी झाली. सहाव्या आलेल्या मुलीची वेळ होती अकरा पॉइंट अडतीस. मी पेपरात वाचलं आणि पेपर मिटून ठेवला. ऑर्लीनने धावणं सोडलं ते असं.

वर्षभराने ती खेळाची शिक्षिका म्हणून आमच्याच शाळेत आली. पोरांसमोर मी तिला मिस पिनॉक म्हणू लागलो आणि ती मला पूर्वीसारखंच मास ऑल्टी. शिकवायला कडक, पण मन लावून. एकच गोष्ट तिला खात होती, दर वर्षी पोरी आदल्या वर्षीपेक्षा हळू होत होत्या.

"फोन," ती म्हणायची. "फोन, तळलेली कोंबडी आणि आयांचे लाड. आम्ही कोनफळं खणून येऊन धावायचो."

"अगदी बरोबर," मी म्हणायचो. मला तर ते फारच पटायचं. आमच्या वयाला आजकालची पोरं नाजूक आहेत हे कुणीही सांगितलं तरी पटतं.

या फेब्रुवारीत तिच्यासमोर अकेलिया उभी होती. तेरा वर्षांची, बांबूसारखी, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं. आमच्या इव्होरीनची नात. चॅम्प्समध्ये जायचं तर आधी माँटेगो बेच्या पात्रता स्पर्धेत धावावं लागतं. तिथली शेवटची संधी शनिवारी होती आणि बसमध्ये मोजक्याच जागा. ऑर्लीनचा नियम साधा होता, आपल्या मैदानावर बारा-पाच आणा आणि बसमध्ये बसा. अकेलियाची वेळ बारा-नऊ येत होती. पुन्हा पुन्हा बारा-नऊ.

सोमवारी सरावाला आल्या आल्या पोरगी म्हणाली, "मिस, मी शनिवार-रविवार मँडव्हिलला मावशीकडे होते. तिथल्या ट्रॅकवर धावले. तिथल्या सरांनी वेळ घेतली. बारा-चार आली."

"मँडव्हिलचं घड्याळ साखर खाऊन चालतं वाटतं," ऑर्लीन म्हणाली. पोरी फिदीफिदी हसल्या.

अकेलिया हसली नाही, रडलीही नाही. "मी खरंच धावले, मिस."

"मग इथे धाव. शुक्रवारी शेवटची वेळ घेते. बारा-पाच. बारा-सहा आलं तर शनिवारी आजीबरोबर भांडी घासायची."

"घासीन. पण शुक्रवारी धावणार," पोरगी म्हणाली आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. मला त्या वेळी दुसरीच एक पोरगी आठवली.

बुधवारी दुपारी मी मैदानाच्या वरच्या उतारावर डबा घेऊन बसलो होतो. दोन महिने पाऊस नव्हता. गवत पिवळं पडलं होतं, पण सगळीकडे सारखं नाही. जिथे जुनं तेल मुरलेलं, तिथे गवत परत आलं तरी विरळ येतं, आणि उन्हाळ्यात तेच आधी करपतं. खाली सुरुवातीच्या रेघेच्या पुढे मला पिवळे पट्टे दिसले. एकापुढे एक, वीतवीत अंतराने. माझ्याच जुन्या रेघा. आधी तर मला कौतुकच वाटलं, काय सरळ आहेत म्हणून. गंमत म्हणून मोजल्या. काळी धरून एकोणीस.

कोनफळाचा तुकडा तोंडातच राहिला. अंतिम रेघेचे दोन खांब सिमेंटमध्ये पक्के, ते तसूभर हलले नव्हते. हलत होती ती सुरुवातीची रेघ. दर वर्षी वीतभर मागे. मी हलवत होतो. एकोणीस वर्षांत चार मीटर! चार मीटर म्हणजे त्या वयाच्या मुलीला अर्धा सेकंद. बारा-नऊमधून अर्धा सेकंद काढला की किती उरतं, हे माझ्यासारख्या सहावी नापासालाही कळत होतं.

आणि मग मला ऑर्लीनचे ते गवतावर ठेवलेले बूट आठवले. काळ्या रेघेपासून मी पाच पट्टे पुढे मोजले, ती शेवटची धावली त्या वर्षाच्या रेघेपर्यंत, आणि तिथेच नजर अडकली. मी डबा झाकून ठेवला.

तुम्ही म्हणाल, लगेच जाऊन सांगायचं. सांगणं सोपं असतं, ज्याला सांगायचं नसतं त्याला. पोरीची बस वाचवायची तर पट्टी चुकीची आहे हे बोलावं लागणार. आणि पट्टी चुकीची आहे म्हटलं की ऑर्लीन दुसऱ्या क्षणाला आपला हिशेब करणार. तिने आयुष्यात एका गोष्टीवर विश्वास ठेवला होता आणि त्या विश्वासाने धावणं सोडलं होतं. तिला जाऊन काय सांगू, की पोरी, तुझं करिअर माझ्या तेलाच्या डब्याने संपवलं?

मी भित्रा माणूस आहे. मी तिसरा रस्ता काढला. गुरुवारी शाळा सुटल्यावर सगळे गेले, तेव्हा मी काळ्या रेघेवर माती पसरली, फावड्याने सारखी केली आणि चार मीटर पुढे, सगळ्यात जुन्या पट्ट्याच्या जागी, नवी रेघ ओढली. पोरगी बसमध्ये बसेल, ऑर्लीनला काही कळणार नाही. मोठा शहाणपणा केल्यासारखा घरी जाऊन मी झोपलो.

शुक्रवारी तीन वाजता ऑर्लीन मैदानात आली, रेघेपाशी गेली आणि थांबली. तिने उजवीकडे पाहिलं. तिथे पाण्याचा नळ आहे. सप्टेंबरपासून रेघेवर उभं राहिलं की तो नळ कोपराशी यायचा. आता तो पाठीमागे होता.

"मास ऑल्टी, रेघ कुणी हलवली?"

"जुनी खराब झाली होती," मी म्हणालो. "खड्डे पडले होते."

"फेब्रुवारीत? सप्टेंबरची रेघ फेब्रुवारीत? आणि पुढे?" ती माझ्याजवळ आली. मागे सात-आठ पोरी उभ्या होत्या, अकेलिया बुटांच्या नाड्या बांधत होती. ऑर्लीनचा आवाज खाली आला, आणि तिचा आवाज खाली आला की समजावं. "इव्होरीनच्या ताटाला जागताय का? रोज कोंबडीचा मोठा तुकडा वाढते ना तुम्हाला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? पोरीला खोटी वेळ देऊन उद्या माँटेगो बेला पाठवू? तिथे सगळ्यांसमोर ती आपटेल तेव्हा तुम्ही जाणार आहात तिचे डोळे पुसायला? मला वाटलं होतं, या गावात एक तरी माणूस घड्याळाशी खोटं बोलत नाही." तिने माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. हिसकावलं नाही, नुसतं काढून घेतलं, आणि ते जास्त लागलं. "अकेलिया! मागे जा. जिथे नेहमी उभी राहतेस तिथून."

"हो, मिस," पोरगी म्हणाली आणि मुकाट्याने पाय टेकायचे ब्लॉक्स उचलून मागे निघाली. तक्रार नाही, काही नाही. ते पाहून माझ्या भित्रेपणाची मलाच लाज वाटली.

"थांब," मी ओरडलो. "कुणी धावायचं नाही. सुतारकामाच्या वर्गातून पोलादी टेप आणा. मी या मैदानाचा माणूस आहे आणि मी सांगतोय, आधी मोजा."

"मोजलेलं आहे," ऑर्लीन म्हणाली. "ऑफिसात कागद आहे."

"कागदाला एकोणीस वर्षं झाली. रेघेला पाच महिने."

 मग तिने एका पोरीला टेप आणायला पिटाळलं.

टेप तीस मीटरची. अंतिम रेघेच्या खांबापासून सुरुवात केली. एक टोक अकेलियाने धरलं, एक मी, आणि प्रत्येक तीस मीटरला ऑर्लीनने स्वतः खुंटी ठोकली, दुसऱ्या कुणाला ठोकू दिली नाही. शंभर मीटर भरले ते माझ्या नव्या रेघेच्या जरासे मागे, बोटभर. तिथून पुढे टेप नेली ती माती पसरलेल्या जुन्या रेघेपर्यंत. ऑर्लीन गुडघ्यावर बसली, हाताने माती बाजूला केली, काळं दिसेपर्यंत. मग आकडा वाचला.

"एकशे चार मीटर, चौदा सेंटीमीटर."

पोरींमध्ये कुजबुज झाली. अकेलिया हातातल्या टेपकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. खड्डे, वीत, हिरवं गवत, दर सप्टेंबर.  पिवळे पट्टे बोटाने दाखवले. दाखवायला नको होते, पण ते तिथे होतेच.

ऑर्लीन उठली. तिने पट्ट्यांकडे पाहिलं आणि मला कळलं, आता ती मोजणार.

"ऑर्लीन, ते सोड," मी पोरांसमोर तिला नावाने हाक मारली. "पोरीची वेळ घे आधी."

तिने ऐकलं नाही. काळ्या रेघेपासून ती पावलं टाकत निघाली. एक. दोन. तीन. चार. पाचव्या पट्ट्यावर ती थांबली, दोन्ही पाय जुळवून, जशी रेघेवर उभी राहायची तशी. वाळलेलं विरळ गवत, बस.

"इथून?" तिने विचारलं.

"इथून," मी म्हणालो.

"टेप."

मी टेप धरली.  एकशे तीन मीटरला एक सेंटीमीटर कमी. तिने तो आकडा मोठ्याने वाचला नाही, पण मला दिसला आणि तिलाही दिसला. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, पोरींसमोर, मैदानाच्या मधोमध. पुसावंसंही वाटलं नाही.

"मी तुझं आयुष्य..." मी सुरुवात केली.

"नंतर," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढुरका पडला होता, ओठ घट्ट मिटलेले. "जे काही आहे ते नंतर, मास ऑल्टी. आत्ता तीन पस्तीस झालेत आणि बसची यादी चारला ऑफिसात द्यायचीय. रेघ दुरुस्त करा. टेप लावून. बोटभरसुद्धा चूक चालणार नाही."

मी डोळे न पुसताच डबा घेतला आणि रेघ ओढली, शंभरच्या खुंटीवर. तिने वर उभं राहून टेप धरली. मग अंतिम रेघेकडे गेली, घड्याळ स्वतःच्या हातात घेऊन.

अकेलिया खाली वाकली. शिट्टी झाली. पोरगी काय सुटली म्हणता! गुडघे वर, तोंड मिटलेलं, शेवटच्या वीस मीटरांत तर जणू पुढे कुणी तिचं काहीतरी घेऊन पळालंय. ऑर्लीनने बटण दाबलं, आकडा पाहिला, एकदा नाही, दोनदा.

"बारा-चार," ती म्हणाली. "मँडव्हिलच्या घड्याळाची मी माफी मागते. अकेलिया, तुझीही. सकाळी पाचला बस सुटते. आज लवकर झोप, गाडीत झोपायला मिळणार नाही."

पोरगी "हो, मिस" म्हणाली आणि मग स्वयंपाकघराकडे जी धावली ती तर अकरा-चारच्या आत असेल.

यादी ऑफिसात दिल्यावर ऑर्लीनने आपली चार वर्षांची वही काढली. ज्यांना तिने घड्याळ दाखवून घरी पाठवलं होतं त्या सगळ्या मुलींची नावं त्यात होती. वेळेसमोर वेळ, वर्षासमोर वर्ष, तिने प्रत्येकीचा खरा आकडा काढला. तिघी खरं तर बसमध्ये बसल्या असत्या. त्यांतल्या दोघी अजून शाळेत होत्या. त्यांना तिने घरून बोलावून आणलं आणि सोमवारपासून सरावाला या म्हणून सांगितलं. तिसरी क्रिस्टियाना गावातल्या सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसते. तिच्याकडे ऑर्लीन रविवारी स्वतः गेली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. परत आली तेव्हा तिने मला सिमेंट आणायला सांगितलं आणि आम्ही सुरुवातीच्या रेघेच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या पक्क्या रोवल्या. गवत हवं तर खड्ड्यात नवं लावा, रेघ हलणार नाही, एवढं सांगून ती गेली. घड्याळ मात्र तिने मला परत दिलं नाही. पाच आठवडे ती स्वतः वेळ घेत होती आणि मी बाजूला झाडाखाली उभा राहत होतो. मागायची माझी हिंमत नव्हती.

मार्चमध्ये चॅम्प्सला तिने मला बसमध्ये बसवलं. का, ते सांगितलं नाही. स्टेडियममध्ये नेहमीसारखा कान फाटेस्तोवर गोंगाट, भोंगे, ढोल, प्रत्येक शाळेचा वेगळा रंग. आमचे मोजून चाळीस लोक, पण इव्होरीन एकटीच दोनशेंच्या तोडीची. अकेलिया शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत पाचवी आली. अंतिम फेरी तीन शतांशांनी हुकली. पोरगी वर आली, ऑर्लीनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, चार जणी पुढे होत्या."

"दिसलं मला," ऑर्लीन म्हणाली. "केळं खा. रिलेला तीन तास आहेत."

संध्याकाळी रिलेची वेळ झाली. तिसऱ्या टप्प्याला, वळणावर, अकेलिया. पोरी आपापल्या जागी जात होत्या. मी बनचा तुकडा हातात धरून बसलो होतो. ऑर्लीन माझ्या शेजारी, नजर मैदानावर.

"अकरा-तीस?" तिने विचारलं.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्या शुक्रवारनंतर मी ते गणित रोज केलं होतं, गवत कापताना, बकऱ्या हाकलताना, चर्चमध्ये.

"अकरा-तीस," मी म्हणालो.

"माझंही तेवढंच येतं. सहावी अकरा-अडतीस होती."

"हो."

"म्हणजे जागा मिळाली असती."

"मिळाली असती, पोरी."

 खाली पंचाने हात वर केला आणि चाळीस हजारांचं स्टेडियम गप्प झालं. तिच्या गालावरून एक थेंब ओघळला, तो तिने हाताच्या पालथ्या बाजूने पुसला. मग खिशात हात घातला आणि घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझा हात हलतोय," ती म्हणाली. "तुम्ही धरा. आणि लवकर दाबू नका."

मी बन खाली ठेवला. हात शर्टाला पुसला आणि घड्याळ उचललं. बंदूक वाजली आणि मी बटण दाबलं.